उघड्या हातांचा सानचिन

शुभदा गेल्याचं मला तिच्या नवऱ्यानं, मिलिंदनं कळवलं नाही. फोन त्यांच्या मुलीचा, सईचा आला. रविवारची सकाळ होती, ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, टाकानिनीच्या आमच्या नव्या घरामागे जे चिमूटभर अंगण आहे तिथे मी कपडे वाळत घालत होते. "रेवती मावशी, शी इज गॉन," एवढंच म्हणाली ती, आणि मग बराच वेळ नुसतीच हुंदके आवरत राहिली... मागून तिच्या बाबांचा आवाज आला, "कोणाशी बोलतेयस?" सईनं माझं नाव सांगितलं आणि फोन बंद झाला. तिनं केला की त्यानं, ते मी नंतरही विचारलं नाही. अंत्यसंस्काराच्या दिवशी मिलिंद दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता. माझी पाळी आली तेव्हा त्याचा हात खालीच राहिला. मी नमस्कार केला आणि आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले. लोकांनी ते पाहिलं. आपल्या मंडळींत अशा गोष्टी पाहिल्या जातातच. कोणी विचारलं नाही, पण तर्क खूप झाले असणार. म्हणून, आणि शुभदा कशी होती हे कुठेतरी नीट लिहिलेलं असावं म्हणून, हे लिहितेय.

आम्ही दोघी तेव्हा ऑकलंडच्या पश्चिमेला, हेन्डरसनला राहायचो. तिथल्या एका चर्चच्या मागे लाकडी जमिनीचा जुना हॉल आहे, दर शनिवारी सकाळी तिथे कराटेचा वर्ग भरतो. दाराशी जॅन्डल्सची, म्हणजे रबरी चपलांची, रांग, आत फ्लोअर पॉलिशचा वास, आणि हिवाळ्यात पायाला असा गारठा की पहिली दहा मिनिटं बोटं आपली वाटत नाहीत. मी पाठदुखीपायी जायला लागले होते. शुभदा आली ती आठ वर्षांच्या सईला सोडायला. सई एका टर्ममध्ये कंटाळली, आई मात्र राहिली. पुण्याची, कर्वेनगरची, सिव्हिल इंजिनिअर. नव्या वसाहतींमधल्या पावसाच्या पाण्याचा निचरा कसा होईल ते ठरवणं हे तिचं काम. उंचीनं बेताची, चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या वाक्याचा शेवट होण्याआधी "पण का?" असं विचारायची सवय. आमचे शिक्षक ग्रॅहम, एका हायस्कूलमध्ये मुलांना लाकूडकाम शिकवणारे, मितभाषी गृहस्थ. पहिल्याच महिन्यात तिनं त्यांना विचारलं, की सानचिन करताना पाऊल सरळ न टाकता आतून वळसा घालून का टाकायचं? ग्रॅहम म्हणाले, "करत राहा, कळेल." ती मला गाडीपाशी येऊन म्हणाली, "असं उत्तर मी माझ्या ज्युनियरला दिलं असतं ना, तर त्यानं माझी तक्रार केली असती." पण करत राहिली.

सानचिन हा आमच्या पद्धतीतला पायाभूत काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ, एकट्यानं करायची. सानचिन या शब्दाचा अर्थ तीन लढाया. मन, शरीर आणि श्वास यांच्या, असं सांगतात. दिसायला अगदीच साधा. पावलं थोडी, मुठी सावकाश पुढे-मागे, आणि पोटातून निघणारा ऐकू येईल असा श्वास. तो करत असताना शिक्षक मागे येऊन खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थाड थाड हात मारून पाहतात, कुठे काही सैल सुटलंय का ते. बाहेरच्याला ही मारहाण वाटते.

शुभदाला नुसतं करून समाधान नव्हतं. पाणी मुळात कुठून येतं हे पाहिल्याशिवाय ती कुठल्या नकाशावर सही करत नसे, तसंच इथेही. कोणी कराटेला जपानी म्हटलं की हिची सुरुवात. ओकिनावा हे वेगळं राज्य होतं बाबा, त्यांचे व्यापारी जहाजांनी चीनच्या फूजौ बंदरात जायचे, तिथून या गोष्टी शिकून आले. शुरी, तोमारी आणि नाहा या तीन गावांचे तीन ढंग, आपला नाहाचा. नंतर जपाननं ते राज्यच गिळलं, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शाळांमध्ये शिरलं, कवायतीसारखं झालं. 'कराटे' हे नाव 'चिनी हात' असं लिहायचे, ते पुसून त्याच उच्चाराचं 'रिकामा हात' लिहायला लागले. मग महायुद्धात त्या बेटावर जे झालं त्यात कितीतरी जुने गुरू मेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांना जे येत होतं तेही. मिलिंद दिवाळीच्या फराळाला चार लोकांसमोर हात जोडून म्हणायचा, "कृपा करून हिला कराटेबद्दल काही विचारू नका, चिवडा सादळेल." ती हसायची. तोही तिच्याकडे बघून हसायचा. त्यांचं लग्न चांगलं होतं, हे मला इथे मुद्दाम सांगायचंय.

आमची दोघींची जोडी काकिएसाठी जमली होती. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं तो जोर घेऊन वळवायचा आणि परत द्यायचा. मनगट सुटता कामा नये. वर्षानुवर्षं केलं की डोळे मिटूनही समोरच्याला काय करायचंय ते आधी कळतं. मी नंतर टाकानिनीला घर घेतलं तरी शनिवार सोडला नाही, मोटरवेनं अख्खं ऑकलंड ओलांडून जायचे. खरं सांगायचं तर कराटेसाठी नाही, तिच्यासाठी. आम्ही फार मनातलं बोलणाऱ्या मैत्रिणी नव्हतो. पण माझ्या आईच्या आजारपणात मी पुण्याला जाऊ शकले नाही, त्या शनिवारी शुभदानं मनगट लावलं आणि अर्ध्या मिनिटात थांबून म्हणाली, "काय झालंय?" घरात कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत तिच्या डाव्या हातात मला ते जाणवलं. हात उशिरा येत होता. मी ढकलायचे, आणि जिथे तिचा जोर भेटायला हवा तिथे क्षणभर काहीच नसायचं, अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं. मला वाटलं थकली असेल. पुढच्या शनिवारी मी तिचा हात वळवताना माझा तळवा तिच्या कोपराखाली टेकला, आणि कातडीखाली काहीतरी फडफडलं. पापणी लवते तसं. थांबलं, परत फडफडलं. मी डोळे उघडले. ती माझ्याकडेच बघत होती.

"कळलं ना तुला?" ती म्हणाली. हॉलमध्ये बाकीचे श्वास सोडत होते, आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. "किती दिवस?" मी विचारलं. "बटणं लागत नाहीयेत महिनाभर. वर्ग संपू दे, मग बोलू."

तपासण्या झाल्या. दोनदा मीच तिला घेऊन गेले. मिलिंदला तिनं खांदा आखडलाय असं सांगितलं होतं. शेवटी मोटर न्यूरॉन डिसीज असं निदान झालं. स्नायूंना मेंदूकडून येणारे निरोप हळूहळू बंद पडत जातात. आधी हात, मग पाय, गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. डॉक्टरीणबाईंनी फार मायेनं सांगितलं, आणि घरून कोणाला बोलवायचंय का असं विचारलं. शुभदा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "शी इज हिअर." गाडीत बसल्यावर मात्र तिनं मला सोडलं नाही. नोव्हेंबरात ओकिनावाला, आमच्या पद्धतीच्या एका जुन्या गुरूंकडे शिकायला जायची आमची तिकिटं काढलेली होती. ती म्हणाली, "परत येईपर्यंत मिलिंदला काही बोलायचं नाही."

"शुभदा, हे मी नाही करू शकत."

"त्याला सांगितलं की त्या क्षणापासून मी पेशंट. तो मला विमानात बसू देणार नाही. आणि तो रडेल गं. तो रडला की मी मोडेन. मला एकदा न मोडता तिथे जाऊन यायचंय." मग जरा थांबून, "हा हात माझा आहे, रेवती. त्याची बातमी कोणाला कधी द्यायची ते मी ठरवीन."

मी मिलिंदला सांगितलं नाही. त्यात माझी चूक झाली असं मला तेव्हाही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. त्रास मात्र झाला. गणपतीत त्यांच्याकडे जेवायला गेलो तर पानात मोदक विकतचे. शुभदाच्या हातच्या मोदकांच्या कळ्या हा आमच्यात कौतुकाचा विषय होता. सगळे आरतीला उभे असताना मिलिंदनं मला गराजमध्ये गाठलं. "तिच्या हाताला काय झालंय? खांदाबिंदा मला पटत नाहीये. तुला काही माहितेय का?" आत टाळ वाजत होते. मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं, "तिलाच विचार, मिलिंद." खोटं बोलले नाही. पण त्यानं ते वाक्य मनात जपून ठेवलं. त्यानं तिला विचारलं, आणि तिनं परत खांदाच सांगितला.

नोव्हेंबरात गेलो. नाहामध्ये एका अरुंद गल्लीत तो डोजो, म्हणजे कराटेचा आखाडा, होता, खाली तालीम आणि वर गुरूंचं राहतं घर. गुरू ऐंशीच्या पुढचे, कृश, इंग्रजीचे मोजके शब्द जाणणारे. भिंतीशी जुनी साधनं मांडलेली; लाकडी दांड्याला दगड बसवलेले, आणि मातीच्या सुरया, ज्यांचा काठ नुसत्या बोटांच्या चिमटीत धरून चालायचं असतं. दुसऱ्या दिवशी शुभदाच्या डाव्या हातातून सुरई निसटली. फुटली नाही, पण तो आवाज... सगळे थांबले. आपल्यामुळे काहीतरी पवित्र विटाळलं असा तिचा चेहरा झाला. गुरू उठले, तिच्यासमोर आले आणि मनगट पुढे केलं. काकिए. त्यांनी आधी उजवा हात घेतला, मग डावा. फार तर तीन-चार फेऱ्या झाल्या असतील. मग त्यांनी तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला, बोटं एकेक उलगडून पाहिली आणि मूठ करायची खूण केली. तिनं केली. म्हणजे प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर राहिली.

ते काही विचारतील, थांबवतील, वैद्य सुचवतील, मला काय काय वाटून गेलं. ते मागे सरकले आणि सानचिनच्या पवित्र्यात उभे राहिले, तळहात उघडे ठेवून. पावलं तीच, श्वास तोच, फक्त मूठ नाही. सरळ बोटं पुढे जायची आणि परत यायची. झाल्यावर म्हणाले, "फर्स्ट, ओपन." मग मूठ वळून दाखवली. "लेटर, क्लोज्ड. फॉर स्कूल." आणि तिच्याकडे बोट करून, "यू, ओल्ड वे." पूर्वी नाहामध्ये हा काता उघड्या हातांनीच करत, शाळेत शिकवायची वेळ आली तेव्हा मुठी आल्या, हे शुभदानंच मला कितीदा सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं. त्या दिवशी तिनं तो केला, दुपार उतरेपर्यंत करत राहिली. गल्लीत येऊन मात्र भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "यांनाही कळलं गं. आता लपणार नाही फार दिवस."

तरीही लपवलं. परत आल्यावर सांगते म्हणाली होती. मग सईची परीक्षा आली, मग ख्रिसमसची सुट्टी, मग मिलिंदच्या ऑफिसातली कपात. आम्ही भांडलो. मार्चमध्ये ग्रेडिंग होतं, 'दान' म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पुढच्या पायरीची परीक्षा. मी म्हटलं, "त्याआधी त्याला सांग, नाहीतर मी येणार नाही." तिनं शब्द दिला, "त्याच दिवशी संध्याकाळी सांगते. दोघांना बोलावतेय बघायला. मूठ उघडी की मिटलेली, मिलिंदला काय कळतंय?"

ग्रॅहमबरोबर बाहेरून आलेले एक परीक्षक होते. भिंतीलगतच्या बाकावर मिलिंद आणि सई. शुभदा मध्यभागी एकटी उभी राहिली, वाकून नमस्कार केला, पहिलं पाऊल टाकलं आणि उघडे हात वर आले. परीक्षकांनी तिला थांबवलं. "क्लोज युअर फिस्ट्स, प्लीज." त्यांचा काही दोष नव्हता, नियम तोच होता.

"आय कान्ट," शुभदा म्हणाली.

"कान्ट, ऑर वोन्ट?"

तिनं एकदाच बाकाकडे पाहिलं. मग समोर बघत, स्वच्छ आवाजात म्हणाली, "कान्ट. आय हॅव मोटर न्यूरॉन डिसीज. द हॅन्ड डझन्ट क्लोज एनी मोअर."

माझी नजर मिलिंदवर होती. त्याला शब्द ऐकू आले होते, पण अर्थ अजून पोचायचा होता. सईला पोचला होता, तिनं त्याचा दंड घट्ट धरला. ग्रॅहम खूप हळू म्हणाले, "डू यू वॉन्ट टू गो ऑन?" शुभदा म्हणाली, "येस, सेन्सेई." आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ग्रॅहम तिच्या मागे गेले. आता ते नुसतं उभे राहतील, फार तर हलकेच हात लावतील, असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही तळवे उचलले आणि तिच्या खांद्यांवर मारले, आम्हा सगळ्यांना मारतात तसेच, तितक्याच जोरानं. "थांबवा!" मिलिंद ओरडला, मराठीत. "अहो थांबवा! तिला मारताय काय! शुभा, बास!" तो बाकावरून उठून अर्ध्या हॉलपर्यंत आला होता. शुभदाचा श्वास तुटला नाही. एक श्वास संपला, पाऊल वळसा घेऊन पुढे गेलं, उघडी बोटं सावकाश पुढे सरकली. मिलिंद जिथे होता तिथेच उभा राहिला, हात तसेच अर्धवट पुढे. ती शेवटचा नमस्कार करेपर्यंत तो हलला नाही. मग वळून बाहेर निघून गेला. जाताना माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाला, "'तिलाच विचार' म्हणालीस मला."

परीक्षेत ती नापास झाली. मुठींशिवाय हा काता आम्हाला तपासता येत नाही, असं परीक्षकांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचाच आवाज अडखळला. शुभदा पार्किंगमध्ये आली ती हसत, डोळ्यांत पाणी. "नापास! आयुष्यात पहिल्यांदा. आईला सांगायला हवं." मग मिलिंदच्या गाडीत जाऊन बसली. काच वर होती. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बराच वेळ गाडी सुरू झाली नाही, एवढं पाहिलं.

त्यानंतरचं दीड वर्ष मिलिंदनं तिचं सगळं केलं, कोणी कोणाचं करणार नाही असं. भरवलं, उचललं, रात्री श्वासाचं मशीन लावलं. मला त्यानं अडवलं नाही, पण मी गेले की तो खोलीतून निघून जायचा. ग्रेडिंगनंतरच्या शनिवारपासून ग्रॅहमनी वर्गात सानचिन दोनदा घ्यायला सुरुवात केली, एकदा मुठींचा आणि एकदा उघड्या हातांचा. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी हे शुभदाला सांगितलं तेव्हा तिचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "बघ... नापास... होऊन... सिलॅबस... बदलला." शेवटच्या भेटीत तर तेही उरलं नव्हतं. मी तिच्या मनगटाखाली माझं मनगट ठेवलं आणि दोघींचा हात मीच हळूहळू पुढे-मागे फिरवला. दारातून मिलिंद म्हणाला, "तिला थकवू नकोस." मी थांबले. शुभदानं डोळे वर करून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तोच दार ओढून घेऊन निघून गेला.

अंत्यसंस्कारानंतर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, तो हॉलच्या दारात दिसला. हॉलच्या कपाटात तिचा गणवेश आणि पट्टा राहिला होता, तो न्यायला आला होता. ग्रॅहमनी पिशवी दिली. ती मांडीवर घेऊन तो बाकावर बसला, आणि आमचा वर्ग संपेपर्यंत बसून राहिला. सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले.

"तुला कधी कळलं होतं?" त्यानं जमिनीकडे बघत विचारलं.

"जुलैत."

"ग्रेडिंगच्या आठ महिने आधी." त्यानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "मी रोज तिचा हात धरायचो गं. गाडीत, टीव्ही बघताना, झोपताना. रोज. मग मला का नाही कळलं? मला हेच कळत नाहीये. तुझा राग नाही येत आता... म्हणजे येतो. पण खरा राग याचा आहे."

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. "तू हात धरायचास, मिलिंद. मी ढकलायचे. धरलेल्या हाताला जोर लावावाच लागत नाही."

तो रडला. शुभदा ज्याला घाबरली होती ते रडणं मी पाहिलं, आणि तिला का भीती वाटली तेही समजलं. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "दोघींनी मिळून मला मूर्ख तर नव्हतं ना समजलं?" मी म्हटलं, "नाही रे." त्यानं मान हलवली. ते त्याला पटलं की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर तो दर शनिवारी येतो. शिकायचं नाहीये, हे त्यानं ग्रॅहमना पहिल्याच दिवशी बजावलं, आणि त्यांनी "नो वरीज" म्हणून त्याच्यासाठी खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली. तो आमच्या आधी येऊन हीटर लावतो. माझ्याशी कधी बोलतो, कधी नाही. शेवटी सानचिनची वेळ येते. आधी मुठी, मग उघडे हात. पाय गारठलेले असतात, बाहेर पाऊस असतो, आणि सगळे मिळून पोटातून तो लांब श्वास सोडतात. गेल्या शनिवारी मी खिडकीच्या कडेला उभी होते. दुसऱ्या फेरीत मला डावीकडून आणखी एक श्वास ऐकू आला, शिकवलेला नसलेला, जरा अडखळणारा, पण आमच्याबरोबर सुरू होणारा आणि आमच्याबरोबर संपणारा. खुर्चीत मिलिंद बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, उताणे.